वखारीपुरती जागा

खुला व्यापार हे एक तत्त्व आहे आणि व्यापारी सवलत ही एक मागणी. बोलण्याच्या ओघात दोन्ही एकमेकींच्या जागी येतात, आणि बहुतेक घोटाळा तिथेच सुरू होतो. खुल्या व्यापारात विकणारा, घेणारा आणि भाव एवढ्या तीनच गोष्टी असतात. सवलतीच्या मागणीत चौथीही असते, ती म्हणजे मागणाऱ्याचे बळ. एखादा किरकोळ व्यापारी बंदरात गोदामाला जागा मागतो तेव्हा भाडे ठरते आणि विषय संपतो. तीच जागा शेजारचे बलाढ्य राज्य मागू लागले की भाड्याचा आकडा दुय्यम ठरतो. दिलेली जागा पुन्हा आपल्या ताब्यात येईल का, एवढेच पाहायचे उरते.

यात नीतीचा एक जुना पेच आहे. व्यापार सर्वांच्या हिताचा असेल तर दार उघडे ठेवणे हे राज्याचे कर्तव्य ठरते का? ठरत असेल तर ते दार उघडून घेण्याचा हक्क परक्याला मिळतो का? आणि मिळत असेल, तर दार ठोठावणाऱ्याच्या हाती तोफ असली तरी तो हक्क तसाच राहतो का? सोळाव्या शतकापासून युरोपातल्या विद्यापीठांत यावर ग्रंथ लिहिले गेले. कोकणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी, याच प्रश्नाचा व्यवहार जवळजवळ त्याच काळात चालू होता.

भारतीय राज्यशास्त्रात परक्या व्यापाऱ्याबद्दल मुळात आकस नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढा नफा व्यापाऱ्याला घेऊ द्यावा असे ठरवलेले आहे. दुरून जोखीम पत्करून येणाऱ्याला जास्त मिळावे, हा साधा हिशेब त्यामागे आहे. परदेशी माल आणणाऱ्यांवर अनुग्रह करावा असेही तो सांगतो. पण त्याच ग्रंथात दोन अटी आहेत. राष्ट्राला पीडा करणारा माल तोडावा, आणि मोठ्या उपकाराचा माल व दुर्मिळ बियाणे यांवर जकात घेऊ नये. राजाला घसघशीत लाभ होत असला तरी तो प्रजेला जाचक असेल तर सोडून द्यावा, असेही एके ठिकाणी येते. म्हणजे बाजार खुला असावा, पण कशासाठी खुला असावा याचे माप बाजाराबाहेर, प्रजेच्या हितात आहे. कौटिल्यासमोरचा परदेशी व्यापारी मात्र तांडा घेऊन येणारा होता, आरमार घेऊन येणारा नव्हता. त्यामुळे त्याच्या मांडणीत पेचाचा अर्धाच भाग येतो.

उरलेला अर्धा भाग समुद्रावरून आला. १४९८ मध्ये पोर्तुगीज मलबारला पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि मग अरबी समुद्रावर एक नवीच रीत सुरू झाली. त्यांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घेतल्याशिवाय गलबत हाकारायचे नाही, आणि परवाना घेतला की त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची. शतकानुशतके ज्या पाण्यावर जाण्यासाठी कोणाचा परवाना लागत नव्हता तिथे व्यापारच परवानगीची बाब झाला. पुढच्या दीडशे वर्षांत कोकणातल्या प्रत्येक सत्तेला कधी ना कधी या परवान्यांशी जमवून घ्यावे लागले.

याच सुमारास युरोपात व्यापाराच्या हक्काचे तत्त्वज्ञान उभे राहत होते. १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हितोरिया या डॉमिनिकन धर्मगुरूने अमेरिकेतल्या मूलनिवासींविषयी व्याख्यान दिले. स्पेनच्या राजाला किंवा पोपला त्या लोकांवर आपोआप अधिकार मिळत नाही, असे सांगण्याचे धैर्य त्याने दाखवले. पण त्याच व्याख्यानात त्याने प्रवासाचा आणि व्यापाराचा नैसर्गिक हक्क मांडला. कोणाला इजा न करता परक्या देशात जाणे-येणे आणि देवघेव करणे हा माणसाचा हक्क आहे, आणि तो विनाकारण नाकारला गेला, समजावूनही उपयोग झाला नाही, तर शेवटी युद्धही न्याय्य ठरू शकते. पुढच्या दाराने हाकललेला विजेता मागच्या दाराने घरात आला तो असा. व्हितोरियाचा हेतू वाईट नसावा. पण पाहुण्याला हक्क दिला आणि यजमानाला फक्त कर्तव्य दिले, की निकाल ठरूनच जातो.

या तत्त्वाचा सर्वांत प्रसिद्ध वकील ह्यूगो ग्रोशियस. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ ‘सांता कातारिना’ हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. ती लूट कायदेशीर ठरवण्यासाठी डच कंपनीच्या वतीने तरुण ग्रोशियसने लेखणी उचलली. त्या लिखाणातला एक भाग १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त सागर’, या नावाने निनावी छापला गेला. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही आणि पूर्वेकडच्या व्यापारातून पोर्तुगीज कोणाला वगळू शकत नाहीत, हा त्याचा युक्तिवाद आजही सागरी कायद्याच्या अभ्यासात पहिल्या धड्यात येतो. त्यानंतरचा भाग धड्यात क्वचितच येतो. १६१३ आणि १६१५ मध्ये इंग्रज आणि डच वाटाघाटीला बसले. मसाल्याच्या बेटांवर आम्हालाही व्यापार करू द्या, असे इंग्रज म्हणत होते, आणि त्यासाठी ते ‘मारे लिबेरुम’मधलेच दाखले देत होते. समोर डच शिष्टमंडळात खुद्द ग्रोशियस बसलेला. या वेळी त्याचे म्हणणे असे की बेटावरच्या लोकांनी डचांशी फक्त आम्हालाच माल देऊ असे करार केले आहेत, आणि करार पाळलेच पाहिजेत. पोर्तुगीजांविरुद्ध स्वातंत्र्य आणि इंग्रजांविरुद्ध करार. अशा करारांचे पुढे काय झाले ते बांदा बेटांवर दिसले. जायफळ फक्त डचांना विकायचे हे बंधन तिथल्या लोकांनी पाळले नाही, म्हणून १६२१ मध्ये डच कंपनीच्या यान पीटरझोन कूनने ती बेटे जिंकली. तिथले बहुतेक लोक मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. मक्कासरच्या सुलतानाने डचांना १६१५ मध्येच बजावले होते की ईश्वराने जमीन माणसांत वाटून दिली, समुद्र मात्र सर्वांना मिळून दिला. ग्रोशियसचा सिद्धान्त त्याने ग्रोशियसच्याच मालकांना ऐकवला.

कोकणात या वादाचा मजकूर ग्रंथांत सापडत नाही, पत्रांत आणि तहाच्या कलमांत सापडतो. १६७१ च्या डिसेंबरात शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाच्या जकातीविषयी पत्र पाठवले. कुडाळला लागून पोर्तुगीजांच्या ताब्यातला बारदेश, आणि बारदेशचे मीठ स्वस्त. घाटावरचे उदमी बैल घेऊन उतरत, आपला माल विकत आणि परतताना मीठ भरून नेत. मीठ जिथे स्वस्त तिकडे बैल वळणार, आणि बैल वळले की त्यांच्या पाठीवरचा बाकीचा मालही तिकडेच जाणार. म्हणून पत्रात आज्ञा अशी की बारदेशच्या मिठावर जकात एवढी जबर बसवावी की ते संगमेश्वराकडच्या मिठाहून महाग पडेल. नाहीतर सगळे उदमी बारदेशाकडे वळतील आणि आपली बंदरे ओस पडतील.

मुक्त बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्याला या पत्रात सरळ संरक्षणवाद दिसेल, आणि तो चुकीचा नाही. संगमेश्वरच्या मिठागरवाल्याचा फायदा झाला, पण घाटावर भाकरीसोबत मीठ खाणाऱ्याने चार पैसे जास्त मोजले. हा भुर्दंड नाकारण्यात अर्थ नाही. पत्राचा भर मात्र मिठाच्या नफ्यावर नसून वाटेवर आहे. व्यापाराची वाट एकदा दुसऱ्याच्या बंदराकडे पडली की ती परत वळवणे कठीण, आणि ते बंदर अशा सत्तेचे की जिच्या परवान्याशिवाय समुद्रावर गलबत जाऊ शकत नाही. शेजाऱ्याचा माल स्वस्त आहे म्हणून घेणे वेगळे आणि शेजाऱ्यावाचून अडून बसणे वेगळे, हा भेद इथे अर्थशास्त्राची परिभाषा न वापरता केलेला आहे.

इंग्रजांशी झालेला व्यवहार अधिक बोलका आहे. राजापूरला त्यांची वखार होती. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा राजापूरचे इंग्रज त्याच्या मदतीला तोफगोळे घेऊन गेले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि तिथल्या इंग्रजांना कैद केले. वखारवाला युद्धात उतरला तर त्याला व्यापाऱ्याचा कौल लागू राहत नाही, एवढा त्याचा अर्थ. नुकसानभरपाईचा वाद नंतर वर्षानुवर्षे चालला. पण या सगळ्यानंतरही महाराजांनी इंग्रजांना दार बंद केले नाही, याकडे सहसा दुर्लक्ष होते. १६७४ च्या उन्हाळ्यात इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तो वीस कलमांची यादी घेऊनच. राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी, सर्व बंदरांत खरेदी-विक्रीची मुभा आणि शेकडा अडीच जकात, अशा मागण्या होत्या. त्यातल्या बहुतेक मान्य झाल्या. महाराजांच्या बाजूने निराजीपंतांमार्फत बोलणी चालली, आणि हरकत आली ती दोन मुद्द्यांवर.

पहिला मुद्दा नाण्यांचा. मुंबईची इंग्रजी नाणी राज्यात चालावीत असे इंग्रजांना तहात लिहून हवे होते. त्यावरचे उत्तर ऑक्झिंडनच्या वृत्तान्तात आहे. कोणतेही नाणे चालायला राज्यात बंदी नाही, पण नुकसान सोसून अमुक नाणे घ्याच अशी सक्ती प्रजेवर करता येत नाही. नाणे वजनाला आणि कसाला मोगलांच्या नाण्याएवढे असेल तर ते चालेल. मागणी खुल्या व्यापाराच्या नावाने आली होती, पण तिचा गाभा सक्तीचा होता. उत्तर नकाराचे वाटले तरी ते बाजाराच्या बाजूचे होते. मुक्त बाजाराची बाजू या ठिकाणी कंपनीच्या वकिलापेक्षा रायगडाने जास्त नेमकी मांडली.

दुसरा मुद्दा फुटलेल्या जहाजांचा. वादळात किनाऱ्याला लागलेले जहाज आणि माल परत मिळावा, अशी मागणी होती. तुफानात सापडलेला माल राजाचा, ही कोकणची जुनी वहिवाट. हरकतीचे कारण असे नोंदलेले आहे की ही सवलत इंग्रजांना दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही तीच मागतील. आजच्या नजरेला ही वहिवाट क्रूर वाटेल, आणि या मागणीत इंग्रजांची बाजू खरोखर न्यायाची होती असे म्हणायला हरकत नाही. पण हरकतीचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे, पुढे ते फार दूर जाते.

महाराजांनंतर साडेतीन दशकांनी हा अनुभव शास्त्राच्या रूपात मांडला गेला. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ परंपरेने १७१५ चे मानले जाते. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने ते लिहिलेले आहे. गडकोट, वतनदार, आरमार यांच्या बरोबरीने त्यात सावकारांवर प्रकरण आहे. सावकारांविषयीचा सूर गौरवाचा आहे. सावकार राज्याची शोभा आहे, त्याच्यामुळे नसलेली वस्तू देशात येते आणि संकटात कर्ज मिळते, म्हणून त्याला जपावे, पेठा वसवाव्यात, परमुलखातून व्यापारी बोलावून आणावेत. इथपर्यंत हा मजकूर कोणत्याही उदार अर्थतज्ज्ञाने आनंदाने सही करावी असा आहे. मग ओघ वळतो. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच आणि फरासीस म्हणजे फ्रेंच, हे टोपीकरही सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नाहीत. प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे, त्याच्या हुकमाने ते व्यापाराला येतात, आणि राजांना भूमीचा लोभ नसतो असे कधी होत नाही.

हे सगळे प्रकरण या वर्गीकरणावर तोलले आहे. रामचंद्रपंत परकेपणावर बोट ठेवत नाहीत. इतर परदेशी व्यापारी त्यांना हवेच आहेत. तराजू धरणाऱ्या हाताला आज्ञा कुठून येते, एवढेच ते पाहतात. आणि मग उपाय सांगतात तोही टोकाचा नाही. टोपीकरांना हाकलावे असे म्हटलेले नाही. त्यांनी यावे, जावे, माल विकावा, घ्यावा. राहायला शक्यतो जागा देऊ नये. वखारीला जागा देणे अगदीच भाग पडले तर ती समुद्रकाठी, खाडीच्या मुखाशी देऊ नये, कारण आरमार आणि तोफ यांच्या जोरावर ते तिथे नवा किल्ला उभारतील. जागा द्यायची तर किनाऱ्यापासून काही कोस आत, राजापुरासारख्या शहरात, सखल ठिकाणी, शहराच्या माऱ्याखाली आणि दाबात. पक्की इमारत बांधू देऊ नये. हे मान्य असेल तर राहावे, नसेल तर येणे-जाणे पुरे.

राजापूरचे नाव इथे का यावे, हे तिथला नकाशा पाहिला की समजते. गाव समुद्रापासून बरेच आत, अर्जुना नदीच्या काठी. मोठी जहाजे जैतापूरला खाडीच्या तोंडाशी नांगर टाकत आणि तिथून माल होड्यांत भरून वर जाई. मिरी, कापड, काय हवे ते त्या होड्यांतून जाऊ शकत होते. जहाजावरची तोफ मात्र खाली जैतापूरलाच राहत होती. व्यापार जाईल पण तोफ जाणार नाही अशी जागा शोधणे, हे एखाद्या नीतितत्त्वाचे भूगोलात केलेले भाषांतर आहे. पक्क्या बांधकामाला मनाई करण्यामागचा हिशेबही असाच. गवताचे छप्पर पावसाळ्यागणिक शाकारावे लागते, आणि दरवेळी राहणाऱ्याला आपण परवानगीने राहतो याची आठवण होते. चिऱ्याची भिंत तशी आठवण करून देत नाही.

रामचंद्रपंतांनी हे लिहिले त्याच दशकात, दीड हजार किलोमीटरवर, नेमके याच्या उलट घडले. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने इंग्रज कंपनीला फर्मान दिले. वर्षाला तीन हजार रुपये भरले की बंगालमध्ये कंपनीचा माल जकातमाफ. कंपनीचे दस्तक, म्हणजे पास, दाखवले की नाक्यावर कोणी अडवायचे नाही. सवलत कंपनीच्या आयात-निर्यातीपुरती होती, पण दस्तक कागदाचेच असते. कंपनीचे नोकर स्वतःच्या खासगी व्यापारालाही तेच वापरू लागले, मग ते देशी व्यापाऱ्यांना विकू लागले. मीठ, सुपारी, तंबाखू या रोजच्या मालातही त्यांचे गुमास्ते घुसले. बंगाली व्यापारी जकात भरून बाजारात येई आणि शेजारच्या पालावर तोच माल जकातीशिवाय विकला जाताना पाही. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर त्यांना अडवणारे कोणी उरलेच नाही.

१७६० मध्ये नवाब झालेला मीर कासीम कंपनीनेच गादीवर बसवलेला होता. तरी त्याने तक्रार केली की गुमास्ते रयतेचा माल पाव किमतीत उचलतात आणि एक रुपयाचा माल पाच रुपयांना गळ्यात मारतात. गव्हर्नर व्हान्सिटार्टशी त्याची तडजोड ठरली: इंग्रजांच्या खासगी व्यापारावर शेकडा नऊ जकात. देशी व्यापाऱ्यांवरच्या जकातीपेक्षा ती कमीच होती. कलकत्त्याच्या कौन्सिलने तीही फेटाळली. तेव्हा १७६३ मध्ये मीर कासीमने असे केले की ज्याला मुक्त बाजाराचा निष्ठावंत माणूस हरकत घेऊच शकत नाही. त्याने सगळ्यांच्या अंतर्गत जकाती रद्द केल्या. इंग्रज असो की बंगाली, सर्वांना व्यापार सारखाच मोकळा.

कौन्सिलच्या बहुमताने याला शत्रुत्वाचे कृत्य ठरवले. देशी व्यापाऱ्यांवर जकात पुन्हा लावा, अशी मागणी झाली. काही महिन्यांत युद्ध पेटले, २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सारची लढाई झाली, आणि पुढच्या वर्षी बंगालची दिवाणीच, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्कच, कंपनीच्या हाती गेली.

या प्रसंगात सगळा प्रश्न उघडा पडतो. कंपनीला खुला व्यापार नको होता. इतरांसाठी बंद आणि आपल्यासाठी खुला असा व्यापार हवा होता. म्हणून मुक्त बाजाराची तत्त्वे आणि बलवान शेजाऱ्याच्या मागण्या यांचा समतोल कसा राखावा असे विचारले जाते तेव्हा त्या प्रश्नातच एक गृहीत दडलेले असते: मागण्या बाजाराच्या बाजूच्या आणि नकार बाजाराच्या विरुद्ध. बहुतेक वेळा खरी परिस्थिती उलटी असते. सवलत म्हणजेच कोणाला तरी न मिळालेली सूट, आणि ती नाकारणारा बाजार बंद करत नसतो. अर्थात मीर कासीमला संत ठरवण्याचे कारण नाही. खजिना रिकामा होत आला होता, आपली जकात हातची जात होती, म्हणून त्याने इतरांचीही सोडली. तत्त्व त्याच्या हातात हत्यार म्हणूनच आले. तत्त्वे पुष्कळदा अशीच हाती येतात.

युरोपातल्या विचारवंतांनाही हे उशिरा का होईना दिसू लागले. स्विस विधिज्ञ एमेर द व्हात्तेलने १७५८ मध्ये लिहिले की व्यापार करणे हे राष्ट्रांचे परस्परांविषयीचे सर्वसाधारण कर्तव्य असले तरी कोणाशी, कोणत्या अटींवर करायचा हे प्रत्येक राष्ट्र स्वतः ठरवते. सक्तीने मागावा असा तो हक्क नाही. व्हितोरियाच्या वाक्यातले युद्ध इथे गळून पडले. मुक्त व्यापाराचा आद्य आचार्य मानला जाणारा ॲडम स्मिथ १७७६ मध्ये लिहितो तेव्हा कंपनीवर त्याचा रोख तिखट आहे. राज्यकर्ता म्हणून कंपनीचे जे हित तेच व्यापारी म्हणून तिचे अहित, आणि ती नेहमी व्यापाऱ्यासारखीच वागते. नव्या जगाचा आणि पूर्वेचा शोध लागला तेव्हा बळ युरोपीयांच्याच बाजूला होते म्हणून त्यांना कोणताही अन्याय पचवता आला, असे तो स्वच्छ म्हणतो. पुढे कधी इतर देश तुल्यबळ झाले तर परस्परांच्या धाकातूनच न्याय येईल अशी त्याची अपेक्षा आहे. म्हणजे मुक्त व्यापार न्याय्य असण्यासाठी बळाचा समतोल आधी लागतो, हे खुद्द स्मिथच्या पानांत आहे.

इमॅन्युएल कांटने १७९५ च्या चिरंतन शांततेवरच्या निबंधात याला सर्वांत काटेकोर रूप दिले. पृथ्वी गोल आहे, माणसे पांगून पांगून शेवटी एकमेकांना भेटणारच, म्हणून प्रत्येकाला परक्या भूमीवर शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क आहे. पण हा हक्क भेटीला येण्याचा आहे. पाहुणा म्हणून मुक्काम ठोकण्याचा नाही. मुक्कामासाठी यजमानाशी वेगळा करार लागतो. कांट पुढे हिंदुस्थानचेच उदाहरण देतो: वखारी घालण्याच्या मिषाने परके सैन्य आणले गेले आणि रयतेची धूळधाण झाली. म्हणून चीन आणि जपानने अशा पाहुण्यांना आखडते घेतले हे शहाणपणाचे, असा त्याचा अभिप्राय आहे. क्योनिग्सबर्ग सोडून फारसा कुठे न गेलेला प्राध्यापक आणि आयुष्य लढायांत घालवलेला कोल्हापूरचा अमात्य, दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचे कारण नाही. तरी येणे-जाणे मान्य आणि ठाण मांडणे अमान्य ही रेघ दोघांनी एकाच जागी ओढली. फरक एवढाच की अमात्यांनी खाडीची खोलीही विचारात घेतली.

कांटने ज्या चीनचे नाव घेतले तिथे दोनच वर्षे आधी ब्रिटिश वकील लॉर्ड मॅकार्टनी जाऊन आला होता. आणखी बंदरे, पेकिंगमध्ये वखार आणि चूशान बेटांजवळ इंग्रज व्यापाऱ्यांना राहण्यासाठी एक लहानसे बेट, अशा त्याच्या मागण्या होत्या. चियेनलुंग बादशहाने त्या नाकारल्या, आणि कारणांत एक हेही होते की तुम्हाला दिले तर बाकीचे सगळे मागतील. १६७४ मध्ये रायगडावर नोंदलेले कारण हेच. चीनचा नकार अर्धशतकही टिकला नाही. अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या नानकिंग तहाने पाच बंदरे उघडली गेली आणि हाँगकाँग हातचे गेले. त्या अफूचा बराच वाटा माळव्यातून येऊन मुंबई बंदरातून चीनला जाई आणि मुंबईच्या कितीतरी घराण्यांची श्रीमंती त्यावर उभी राहिली, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. तिथे बलवानाच्या गलबतात आपलाही माल होता.

नकाराचीही किंमत असते, आणि ती बहुधा नकार देणारा भरत नाही. जपानने १६४१ पासून डचांना नागासाकीजवळच्या देशिमा या पंख्याच्या आकाराच्या, चार-पाच मिनिटांत ओलांडता येईल अशा कृत्रिम बेटावर कोंडून ठेवले. राज्य सुरक्षित राहिले. पण बाहेरच्या व्यापारावर जगू शकणारे कारागीर आणि नाविक दोन शतके एका अरुंद फटीतून श्वास घेत राहिले. शेजाऱ्याच्या भीतीच्या नावाखाली राज्यकर्ते आपल्याच मर्जीतल्या मक्तेदारांना पोसतात, हेही जगभर घडलेले आहे. म्हणून नकाराला कसोटी हवी. १६७४ आणि १७९३ च्या उत्तरांत ती अजाणता आलेली आहे: एकाला द्यायचे ते सर्वांना देता येईल का? देता येत असेल तर ती बाजाराची मोकळीक आहे, आणि ती देण्यात सहसा धोका नाही. सर्वांना देणे अशक्य असेल तर मागणी व्यापाराची नाही, जागेची आहे. १९४७ च्या गॅट कराराने आणि १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेने हाच नियम पहिल्या कलमात घातला. ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ असे त्याचे नाव ऐकून खास लाड असल्यासारखे वाटते. अर्थ नेमका उलट, कोणाचेही खास लाड नाहीत. मोठ्या राष्ट्रांनी प्रादेशिक करारांच्या पळवाटेने तो नियम बराच पातळ केला, ही वेगळी कथा.

नियम कागदावर आला म्हणून खाडीचे तोंड सुटलेले नाही. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, सुमारे १.१२ अब्ज डॉलरला. बंदराचा लष्करी वापर होणार नाही आणि सुरक्षा श्रीलंकेच्या हाती राहील, अशी ग्वाही दिली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘युआन वांग ५’ हे उपग्रहांचा माग काढणारे चिनी जहाज तिथे येऊन थांबले. भारताने चिंता व्यक्त केली, कोलंबोने आधी भेट पुढे ढकलण्याची विनंती केली, मग परवानगी दिली. ते जहाज माल उतरवायला आलेले नव्हते.

त्याच बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर त्रिंकोमालीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ९९ तेलटाक्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या करारानुसार त्यातल्या १४ इंडियन ऑइलच्या श्रीलंकेतल्या कंपनीकडे राहिल्या, ६१ श्रीलंकेचे ५१ टक्के भागभांडवल असलेल्या संयुक्त कंपनीकडे गेल्या आणि २४ तिथल्या सरकारी तेल महामंडळाने स्वतःकडे ठेवल्या. कोलंबोतल्या अमात्याला इथे बलाढ्य शेजारी म्हणून दिसतो तो भारत, आणि आज्ञापत्रातले प्रश्न त्याला भारताविषयीही विचारावे लागतात: जागा खाडीच्या तोंडाशी आहे की आत, इमारत पक्की आहे की कच्ची, आणि तराजू धरणाऱ्या हाताला आज्ञा कुठून येते.